मी ऐकलेली वादविवाद स्पर्धा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी आपल्या मंडळाने आपल्या भागातल्या शाळेला एक फिरती ढाल दिली. दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून जे चार पैसे उरले होते, ते त्यात घातले, हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच. धावण्याच्या शर्यतीला ढाल द्यावी की रांगोळीला, यावर आपल्या दोन सभा झाल्या आणि शेवटी वादविवाद स्पर्धेला द्यावी असे ठरले. ठरले खरे, पण ती द्यायला जायची वेळ आली तेव्हा चिटणीसबाईंकडे पाहुणे, खजिनदारबाई माहेरी. राहता राहिले मी. सातवी शिकलेली बाई वादविवादाच्या स्पर्धेला पाहुणी म्हणून चालली, म्हणून घरात माझी थोडी थट्टाही झाली. मी गेले, दोन-सव्वादोन तास बसले आणि पहिल्या मुलापासून शेवटच्या मुलीपर्यंत सगळे ऐकले. त्याचा वृत्तांत द्यावा असा मला हुकूम झाला आहे.

या हुकमामागे आणखी एक कारण आहे, तेही उघडच बोलते. निकाल लागल्यापासून आपल्यातल्या काही भगिनी नाराज आहेत. मुलींची लग्ने उशिरा व्हावीत म्हणून आपण मंडळात इतकी वर्षे बोलतो, आणि आपली ढाल गेली कुणाला, तर वय वाढवू नका म्हणणाऱ्या मुलीला! असे दोघीतिघींनी मला रस्त्यात थांबवून ऐकवले. पुढच्या वर्षी ढाल द्यायची की परत मागायची, हा प्रश्न आजच्या सभेपुढे येणार आहे. म्हणून जे झाले ते जसेच्या तसे सांगते. मुलांची नावे घेणार नाही. ती अजून शाळेत आहेत आणि आपल्याच गल्ल्यांतली आहेत.

विषय असा होता: मुलींच्या विवाहाचे कायद्याने ठरवलेले किमान वय १८ वरून २१ करावे. आठवी ते दहावीच्या तुकड्यांतून सहा जोड्या आल्या होत्या, म्हणजे बारा मुले. त्यांत मुली आठ. प्रत्येक जोडीतल्या एकाने विषयाच्या बाजूने बोलायचे, दुसऱ्याने विरुद्ध. कुणी कोणती बाजू घ्यायची हे मुलांच्या हातात नव्हते. आठ दिवस आधी चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि जी चिठ्ठी आली ती बाजू. हे कृपा करून लक्षात ठेवावे, कारण पुढची सगळी गंमत आणि सगळे भांडण त्या चिठ्ठीत आहे. प्रत्येकाला पाच मिनिटे. चार मिनिटे झाली की एक घंटा, पाच झाली की दोन, की उभ्या वाक्यावर थांबायचे. सगळ्यांचे बोलून झाले की पुन्हा दोन-दोन मिनिटे खंडनाला. खंडन म्हणजे समोरच्याने जे सांगितले त्याला उत्तर द्यायचे. ते घरून पाठ करून आणता येत नाही. परीक्षक तीन होते: एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक वकीलबाई आणि एक कॉलेजातले प्राध्यापक.

पहिली तीन-चार भाषणे पाठ केलेली होती, हे स्पष्टच सांगते. हात कधी वर करायचा, आवाज कधी चढवायचा, हे सगळे घरून ठरवून आणलेले. एका मुलाचे वडील पहिल्या रांगेत बसून मुलाबरोबर ओठ हलवत होते. मुलगा अडखळला की त्यांचे तोंड आधी उघडे. बाकीचे आईबाप मोबाइल उंच धरून चित्रण करण्यात गुंतलेले, त्यामुळे मागच्यांना मुलाऐवजी मोबाइलच दिसत होते. शेवटी मुख्याध्यापकांनी उठून ते खाली ठेवायला लावले. त्यानंतर ऐकण्याजोगे झाले, किंवा असेही असेल की त्यानंतर बोलणाऱ्या मुली चांगल्या होत्या.

त्यांतली नववीतली एक, चष्मा लावणारी, बाजूने बोलली. तिने आधी कायद्याचा सगळा प्रवास सांगितला आणि तो मला नवीन होता. सन १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला तेव्हा वय १० वरून १२ करण्यावरून साऱ्या महाराष्ट्रात रण माजले होते. लोकमान्य टिळक त्या कायद्याच्या विरुद्ध होते आणि आगरकर बाजूने. कल्पना करा बायांनो, बारा! पुढे १९२९ मध्ये सारडा कायदा झाला, १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, आणि मुलींचे लग्नाचे वय १४, मुलांचे १८ ठरले. १९४९ मध्ये मुलींचे १५ झाले. १९७८ मध्ये मुलींचे १८ आणि मुलांचे २१. आणि २००६ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा नवा कायदा झाला, त्यात सज्ञान पुरुषाने अल्पवयीन मुलीशी लग्न केल्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. "प्रत्येक वेळी लोक म्हणाले की धर्म बुडेल, कुळे बुडतील," ती म्हणाली, "आणि प्रत्येक वेळी फक्त काही मुली वाचल्या."

सारडा कायद्यावरून एक विनोद झाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. तिच्या आधी बोलून गेलेल्या मुलाने "आपल्या सारडा सर्कलचे सारडा यांनी हा कायदा केला" असे ठोकून दिले होते. सभागृह हसले. ते सारडा अजमेरचे, हरविलास सारडा, हे या मुलीने आपल्या भाषणात नाव घेऊन सांगितले, पण त्या मुलाकडे न बघता. मला तिचे हे फार आवडले. चूक दुरुस्त केली आणि पोराची शोभाही केली नाही.

मग तिने रखमाबाईंची गोष्ट सांगितली. लहानपणी लग्न झाले. मोठेपणी त्या नवऱ्याकडे नांदायला जाईनात. नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८७ मध्ये निकाल झाला की नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेला आणि राजकोटला त्यांनी कितीतरी वर्षे बायकांच्या दवाखान्यात काम केले. ती मुलगी म्हणाली, "नाही म्हणता यायला रखमाबाईंना वय लागले. अकराव्या वर्षी त्या नाही म्हणू शकल्या नाहीत, विसाव्या वर्षी म्हणाल्या. म्हणून आम्हांला ती तीन वर्षे द्या. नाही म्हणायला शिकण्यासाठी द्या." माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी पदराने डोळे पुसले. माझेही मन भरून आले. मी मनात ढाल त्याच वेळी तिला देऊन टाकली होती.

तिच्यानंतर एक दहावीतली मुलगी उठली. आपल्या सगळ्या नाराजीचे मूळ ते हेच. दोन वेण्या, आवाज खालचा, हात पाठीमागे बांधलेले. सुरुवातीला वाटले, हिचे काही खरे नाही.

तिने पहिलेच वाक्य असे टाकले: "माझ्या आधीच्या ताईने जे सांगितले ते सगळे मला मान्य आहे. फक्त शेवटचे सोडून." मग म्हणाली, की केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये वय २१ करण्याचे विधेयक लोकसभेत मांडले होते, ते समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयकही संपले. म्हणजे आज कायदा १८ चाच आहे. आणि तो तरी कुठे पाळला जातो? २०१९ ते २०२१ मध्ये सरकारने घरोघरी जी आरोग्याची पाहणी केली, तिच्यात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांत शंभरी सुमारे २२ जणींची लग्ने १८ च्या आत झालेली आढळली. या लग्नांत आमंत्रणे छापली, मांडव घातले, जेवणावळी उठल्या. कुणाला दिसले नाही असे नाही. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह रोखणारा अधिकारी असतो. एक शून्य नऊ आठ हा क्रमांक फिरवला तर पोलीस येतात. सगळे आहे. तरी होते.

"का होते, हे मी कुणा पुस्तकाला विचारले नाही," ती म्हणाली. तिच्या घराशेजारी एक इमारत बांधणे चालू आहे. तिथे पेठ, सुरगाण्याकडच्या बायका कामाला येतात. त्या द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत जातात, एरवी बांधकामावर. ही मुलगी शाळा सुटल्यावर चार दिवस त्यांच्यात जाऊन बसली. बहुतेकींची लग्ने १८ च्या आत झालेली. आणि कायदा १८ चा आहे हे सगळ्यांना ठाऊक! एकीने तिला सांगितले, बाई, आम्ही दोघे कामावर जायचो, पोरगी एकटी झोपडीत, दाराला कडी नाही. वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवू? लग्न लावले म्हणजे निदान कुणाच्या तरी घरात असेल. दुसरी म्हणाली, आठवीनंतर शाळा लांब, गाडी एकच, ती पावसाळ्यात येत नाही. "त्या आयांना आकडा सांगू नका," ही मुलगी म्हणाली. "आकडा त्यांना ठाऊक आहे. त्यांना वसतिगृह सांगा. वेळेवर येणारी एस.टी. सांगा. ते झाले की १८ चे २१ कायद्यावाचून होईल. आणि ते न करता २१ केले तर आज जी लग्ने उघड्यावर होतात ती उद्या रात्रीत, चोरून होतील, त्यांची नोंद होणार नाही, आणि पोरीला पहिल्या बाळंतपणाला दवाखान्यात न्यायलासुद्धा घरचे भितील."

सभागृह गप्प झाले होते. मग ती जे बोलली त्यावर कुजबूज झाली. ती म्हणाली, १८ व्या वर्षी मुलगी मत देते. मतदानाचे वय १९८९ पासून २१ चे १८ झाले, तेव्हा कुणी म्हणाले नाही की मुलींना २१ च ठेवा. आमदार, खासदार निवडण्याची अक्कल तिला आहे, आणि स्वतःचे लग्न ठरवण्याची नाही? मुलांचे वय २१ आहे म्हणून मुलींचेही २१ करा, समानता होईल, असे म्हणता. तर मग दोघांचेही १८ करा, तीही समानताच. विधी आयोगाने २००८ मध्ये हेच सुचवले होते. "आणि खरे सांगायचे तर," ती म्हणाली, "१८ ते २१ या वयात मुलीने आपल्या मर्जीने लग्न केले की कोर्टात कोण धावतो? कायदा मुलीला वाचवायला हवा. तिच्या बापाच्या हातातली काठी व्हायला नको." इथे घंटा झाली. मागच्या बाकांवरून काही पुरुष उठून गेले. मुख्याध्यापकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. वकीलबाई मात्र भराभर लिहीत होत्या.

आता खंडन. भगिनींनो, स्पर्धा खरी इथे झाली. चष्मेवालीने उठून सांगितले, "१८ चा कायदा पाळला जात नाही म्हणून २१ चा नको, हे म्हणणे म्हणजे चोऱ्या होतात म्हणून दाराला कुलूप नको म्हणण्यासारखे आहे." टाळ्या पडल्या. दोन वेण्यांची शांतपणे उठली आणि म्हणाली, "कुलूप हवेच. पण ज्या दाराला कडीच नाही, त्याला दुसरे कुलूप आणून ते अडकवणार कुठे? त्या बाईने मला हेच सांगितले होते. आधी कडी बसवा." एवढेच बोलून खाली बसली. दोन मिनिटांतली दीड मिनिटे तिने वापरलीच नाहीत.

त्यावर चष्मेवाली हसली. हरलेली माणसे हसतात तसे ते हसू नव्हते. शिवणकामात दुसरीने घातलेला सफाईचा टाका पाहून आपल्याला जसे हसू येते, तसे होते.

निकालात दोन वेण्यांची पहिली आणि चष्मेवाली दुसरी आली. ढाल दहावीच्या तुकडीला गेली. तिसरे बक्षीस ज्या मुलाला दिले त्याच्याविषयी माझे परीक्षकांशी जमणार नाही. त्याने शेरोशायरी भरपूर केली आणि विषयाला हात लावला नाही. माझ्या मते ते बक्षीस आठवीच्या त्या छोट्या मुलीला द्यायला हवे होते, जी दुसऱ्याच वाक्याला विसरली, अर्धा मिनिट नुसती उभी राहिली, रडली नाही, आणि मग कागद बाजूला ठेवून आपल्या शब्दांत म्हणाली, "माझ्या आत्याचे लग्न लवकर झाले. ती मला सांगते, तू घाई करू नको. मला एवढेच सांगायचे होते." आणि नमस्कार करून गेली. तिला मंडळातर्फे एखादे पुस्तक द्यावे अशी माझी सूचना आहे. खर्च शंभर-दीडशेच्या वर जाणार नाही.

चहाच्या वेळी मी ढाल मिळालेल्या मुलीला जवळ बोलावले. म्हटले, बाळ, खरेच तुला असे वाटते? तर ती म्हणाली, "नाही काकू. मला स्वतःला २१ च हवे. चिठ्ठीत विरुद्ध बाजू आली तेव्हा मी दोन दिवस रडले. बाईंकडे जाऊन बदलून मागितली. बाई म्हणाल्या, बदलून मिळणार नाही, जा आणि त्या बाजूचे खरे काय आहे ते शोधून आण. म्हणून मी त्या बायकांकडे गेले." मी विचारले, मग आता? ती म्हणाली, "आता मला २१ च हवे, पण आता मला ते कसे होईल हे कळते."

तर भगिनींनो, आपली ढाल मुलींची लग्ने लवकर करा म्हणणारीला गेली, हे म्हणणे मला पटत नाही. ती कुठल्या बाजूला उभी होती ते चिठ्ठीने ठरवले. तिथे उभे राहून तिने काय आणले ते तिचे. मी स्वतः २१ च्या बाजूची आहे. होते आणि अजूनही आहे. पण माझ्या बाजूचे ऐकून मी जेवढी शहाणी झाले, त्याहून जास्त तिच्या बाजूचे ऐकून झाले. ढालीवर आपण अक्षरे कोरून घेतली आहेत ती "वादविवाद स्पर्धा" अशी. "मंडळाच्या मताशी सहमत विद्यार्थिनीस" अशी कोरलेली नाहीत. तशी कोरायची असती तर स्पर्धा घ्यायचे कारणच नव्हते. ढाल टपालाने पाठवून दिली असती.

आपल्यापैकी एकीने मला विचारले, की मुलांना न पटलेली बाजू घ्यायला लावणे म्हणजे खोटे बोलायला शिकवणे नाही का? प्रश्न चांगला आहे. मी त्यावर पुष्कळ विचार केला, भाकऱ्या थापताना केला, म्हणजे भरपूर वेळ मिळाला. मला असे वाटते की खोटे बोलणारा समोरच्याला फसवतो. इथे ऐकणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे की बाजू चिठ्ठीने आली. फसवणूक कुणाची? उलट आपल्या घरात काय होते बघा. सून एक म्हणते, सासू दुसरे. दोघींना आपले पाठ असते. दुसरीचे म्हणणे नीट मांडून दाखव असे कुणी म्हटले तर दोघींनाही येणार नाही. आपण भांडतो खूप, वाद घालत नाही. आवाज चढला की आपल्याला वाटते मुद्दा चढला. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत असे म्हणतात ते खरे, पण त्या दिवशी मी पाहिले की दीड मिनिट न बोलणारीचेही गहू विकले गेले.

शिवाय दुसऱ्याचे शब्द घेऊन तोंड उघडणे याची आपल्या नाशकात जुनी चाल आहे. रमाबाई रानडे यांचे पहिले जाहीर भाषण झाले ते इथे, नाशिकच्या हायस्कुलात. न्यायमूर्ती माधवराव रानडे तेव्हा इथे कामाला होते. सन १८७८ च्या सुमाराची गोष्ट. रमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये झालेले. लग्नाच्या वेळी त्यांना लिहिता-वाचताही येत नव्हते. माधवरावांनी शिकवले आणि शिकवले म्हणून घरातल्या बायकांनी रमाबाईंना किती छळले, ते सगळे त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिले आहे. १९१० साली ते छापून आले. नाशिकचे ते पहिले भाषण त्यांचे स्वतःचे नव्हते. माधवरावांनी लिहून दिलेले त्यांनी वाचले. कुणी म्हणेल, यात रमाबाईंचे काय? तर त्याच बाईंनी पुढे पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन उभे केले आणि शेकडो बायकांना शिकवून मिळवत्या केल्या. पहिले शब्द उसने होते, पुढचे त्यांचे होते. सोळा वर्षांच्या आसपासची मुलगी तेव्हा ती, म्हणजे आपल्या दहावी-अकरावीतल्या पोरींएवढीच.

आपल्या गोदाकाठी १९२२ पासून वसंत व्याख्यानमाला होते. मी सासूबाईंबरोबर लग्न झाल्यापासून जाते. उन्हाळ्याची रात्र, घाटावरचा वारा, फार बरे वाटते. बायकाही पुष्कळ येतात. पण व्याख्यान संपून कुणाला काही विचारायचे आहे का असे म्हटले की उभे राहणारे बहुतेक पुरुष. इतक्या वर्षांत मीही कधी उभी राहिले नाही. मनात प्रश्न नसतो असे नाही. चप्पल शोधायच्या निमित्ताने आपण तो खाली ठेवून येतो.

माझ्याविषयी एवढेच सांगते. माझे लग्न १८ पूर्ण होऊन चौथ्या महिन्यात झाले. कायद्यात अगदी चपखल बसले. पण शाळा त्याच्या कितीतरी आधी सुटली होती. आमच्या गावात सातवीपर्यंतच वर्ग होते. आठवी शेजारच्या मोठ्या गावात, मधे ओढा, गाडी सकाळी एकदा आणि परतीची अंधार पडल्यावर. वडील वाईट नव्हते. त्यांनी मला दोन दिवस स्वतः नेऊन सोडले, तिसऱ्या दिवशी शेतात पाणी धरायचे होते. मग मी घरी पाच वर्षे धुणीभांडी आणि लहान भावंडे सांभाळत १८ पूर्ण व्हायची वाट पाहिली. म्हणून त्या मुलीने एस.टी.चे बोलले तेव्हा सभागृहात मी एकटीच जोरात टाळी वाजवली आणि सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. ज्या भगिनींना वाटते की त्या मुलीने मुलींच्या विरुद्ध भाषण केले, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की माझ्या बाजूने इतके सरळ आजवर कुणी बोलले नव्हते. २१ चा कायदा असता तर मी तीन वर्षे आणखी धुणीभांडी केली असती. आठवी काही झाली नसती.

आता तीन गोष्टी सभेपुढे ठेवते. ढाल चालू ठेवावी. विषय शाळेने ठरवावा, आपण त्यात हात घालू नये. आणि ढालीच्या पट्टीवर विजेत्या तुकडीचे नाव कोरायला कासाराने जे पैसे सांगितले आहेत ते फार आहेत, दुसरीकडे विचारावे.

आणखी एक राहिले. ती दोन वेण्यांची आणि चष्मेवाली, दोघी परवा माझ्या दारात आल्या होत्या. बरोबर त्या आठवीतल्या छोट्या मुलीला घेऊन. पुढच्या स्पर्धेसाठी सराव करायला जागा हवी म्हणाल्या. घरात टीव्ही चालू असतो, शाळा पाचला बंद होते. मंडळाची खोली मिळेल का असे विचारत होत्या. मी त्यांना सांगितले की बुधवारी भजन असते, शनिवारी शिवणवर्ग. गुरुवारी संध्याकाळी खोली रिकामी असते आणि किल्ली माझ्याकडेच आहे. सभेची हरकत नसेल तर या गुरुवारपासून त्यांना या म्हणून सांगते. मीही बसणार आहे. बाजू कोणती येते ते चिठ्ठी काढल्यावर बघू.